मधली जागा त्याची

प्रिय निखिल,

‘हे टेक्नोवाले डीजेला पाडायलाच ट्रॅक बनवतात’ हा, मिक्स करताना ठेका चुकल्यावर फोनवर केलेला तुझा आरोप मला निम्मा मान्य आहे. मुद्दाम करतात, पण तुला पाडायला नव्हे.

आधी तू कुठे घसरलास ते बघ. मिनिटाला 130 बीट म्हणजे एक बीट जेमतेम 0.46 सेकंदाचा. ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या भागात, किक (प्रत्येक बीटवरचा जड ठोका) गेली की कानाला धरायला उरतो हाय-हॅट (झांजेचा बारीक आवाज), आणि तो वाजतो दोन किकच्या बरोबर मध्ये. सोळा बार (एक बार म्हणजे चार बीट) तेवढंच ऐकल्यावर कान हॅटलाच बीट समजतो. किक परत येते ती आपल्या जागेवरच. फिरलेलं असतं आपलं डोकं. त्या भरवशावर दुसरा ट्रॅक सोडलास की संपला कारभार! दुसरा प्रकार जास्त छळवादी: मध्येच दोन बीट जास्तीचे घालायचे. दोन ट्रॅक जुळवणारं सिंक बटण वेग सांभाळतं, पण बारची सुरुवात सरकलीय हे त्याला कोण सांगणार?

अरे, तू तबल्यावर बसलेला माणूस. आडून उचललेल्या तिहाईत (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या बोलात) टाळी चुकलेले श्रोते तू कमी पाहिलेस का? तिथे निदान चुकवणाराच समेवर आणून सोडतो. इथे निर्माता कुठेतरी बर्लिनमध्ये झोपलेला आणि सम शोधायची तू.

कधीकधी हे यंत्रातूनच येतं. रोलंड कंपनीच्या टीआर-909 या ड्रम मशीनवर एका बारला 16 पावलांचा ठेका असतो. त्यावर 12 पावलांचा लूप सोडला की दोघांची गाठ थेट तीन बारनंतर पडते. टेक्नो सुरू करणाऱ्या डेट्रॉइटच्या वान ॲटकिन्स, डेरिक मे यांच्या पिढीच्या कानात तर फंक (आडव्या ठेक्यांचं अमेरिकी संगीत) मुरलेलं होतं, त्यांना सरळ ठेका पुरेल कसा?

माझं मत विचारशील तर, हा जागेचा प्रश्न आहे. सुरुवात आणि शेवट निर्माता डीजेला देऊनच टाकतो, नुसती किक, घाल हवं ते वर. मधला भाग मात्र त्याला अख्खा ऐकवायचा असतो. तिथे कुणी दुसरा ट्रॅक चढवू नये म्हणून तो वाट वाकडी करतो. जेफ मिल्ससारखा डीजे तीन डेकवर (वाजवायच्या यंत्रांवर) ट्रॅक मिनिटा-दोन मिनिटांत बदलतो, तेव्हा ही धडपड समजण्यासारखी आहे. काही जण निव्वळ हुशारी दाखवायला करतात. तसले ट्रॅक मी सरळ वगळतो.

तू एवढंच कर. किक थांबते तिथून बार मोजत राहा, हॅटकडे कान देऊ नकोस, आणि किक परत येते तिथे आधीच क्यू (खूण) लावून ठेव. तरीही जमेना तर तो ब्रेकडाउन एकटाच वाजू दे. आणि त्या ट्रॅकचं नाव कळव, फोनवर नीट ऐकू आलं नाही.

तुझा,
समीर