निकाल लागला, कर्ज राहिलंय

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, घटस्फोटाचा निकाल हातात आला, आता सगळं मोकळं. पुढच्या महिन्यात गृहकर्जाचा अर्ज टाकतो." मी नुसतं "बरं" म्हटलं. फोनवर सांगायला गेले असते तर "हो गं, माहितीये" म्हणून मोकळा झाला असतास. म्हणून लिहिते आहे. कागदावरचं निदान दोनदा वाचता येतं.

तुझं दहावीचं वर्ष आठव. बाबांचा आणि माझा घटस्फोट होऊन दीडेक वर्ष झालं होतं. आपण दोघं भाड्याच्या घरात होतो आणि मी स्वतःच्या नावावर लहानसं घर घ्यायचं मनावर घेतलं होतं. पगार नियमित, डोक्यावर एका पैशाचं कर्ज नाही, असं मला वाटत होतं. बँकेतल्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. गाडीचं कर्ज, सहकर्जदार म्हणून माझं नाव, आणि पुढे तीन महिन्यांचे हप्ते थकलेले. गाडी कुणाकडे होती ते तुला माहीत आहे. हप्ते त्यांनीच भरायचे, असं निकालात स्वच्छ लिहिलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात निकालाची प्रत पुढे सरकवली. तिनं ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "मॅडम, कर्ज देणाऱ्या बँकेची सही यावर कुठे आहे?"

सही कुठेच नव्हती. कशी असणार? निकाल आम्हा दोघांमधला. बँक त्या खटल्यात नव्हतीच. तिच्याकडे जुना करार होता आणि त्यावर दोन सह्या होत्या. संयुक्त कर्जात अर्धं तुझं, अर्धं माझं असा हिशोब नसतो. प्रत्येकाच्या डोक्यावर पूर्ण कर्ज असतं. एकानं थकवलं की बँक दुसऱ्याकडे सगळ्या रकमेसाठी येऊ शकते आणि डाग दोघांच्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदवहीवर, पडतो. निकाल दाखवून मला बाबांकडून पैसे मागता आले असते, हे खरं. पण त्यानं रिपोर्टवरचा डाग पुसला जात नाही. आपलं घर लांबलं ते त्यामुळे. तुला मी तेव्हा "भाव पडायची वाट बघतेय" असं सांगितलं होतं.

आता तुझं. तुमचं दोघांच्या कर्जावरचं जुनं घर तुझ्या आधीच्या बायकोकडे राहणार आणि हप्ते ती भरणार, असं ठरलंय. ती चोख आहे, एक हप्ता चुकवायची नाही, हे मलाही मान्य. (माझा तिच्यावर राग नाही, तो तुझा प्रांत.) पण तिनं वेळेवर भरूनही तुझं अडू शकतं, ते असं: तुझं महिन्याचं उत्पन्न १०० धर. जुन्या घराचा हप्ता ३०, नव्याचा ३५. बँक म्हणणार, याचे ६५ हप्त्यांतच जाणार. मर्यादा बँकेप्रमाणे बदलते, पण ६५ म्हटल्यावर बहुतेक जण नाहीच म्हणतील. ते ३० तुझ्या खिशातून जात नाहीत, हे त्यांच्या हिशोबात आपोआप येत नाही. काही बँका ऐकून घेतात, पण निकालाची प्रत आणि हप्ते तिच्याच खात्यातून गेल्याचं स्टेटमेंट मागतात. म्हणजे तिनं पैसे तुझ्या खात्यात टाकायचे आणि तिथून हप्ता कापला जायचा, ही तुमची आत्ताची सोय तुझ्याच अंगाशी येईल. ती आधी बदला.

आणि हक्कसोडपत्राची घाई करू नकोस. त्यावर सही केलीस की घरावरचा हक्क जाईल, कर्जावरचं नाव तसंच राहील. घर तिचं आणि देणं दोघांचं! दोन कागद वेगळे आहेत. आधी बँकेकडून तुला कर्जातून मोकळं केल्याचं पत्र, किंवा तिनं एकटीच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं फेडल्याचा दाखला. निदान दोन्ही एकाच दिवशी.

बँक ते सहज करणार नाही, हेही धरून चाल. दोन पगारांवर दिलेलं कर्ज एका पगारावर पेलतंय का, हे ती नव्यानं तपासेल. नाही पेललं तर तिच्या माहेरचं कुणी सहकर्जदार होतंय का बघावं लागेल, नाहीतर घर विकून कर्ज फेडायचं आणि उरेल ते वाटून घ्यायचं. तिच्याशी हे सरळ बोल. वकिलांमार्फत नको, तिथे प्रत्येक वाक्याला धार येते. मुदत मात्र लेखी ठरवा.

क्रेडिट कार्डाचं थोडक्यात. तुझ्या कार्डावर तिला जोडकार्ड दिलं होतंस ना? ते बंद कर. त्यावरचा खर्च तुझ्याच नावावर चढतो.

एका शब्दापासून मात्र जपून राहा. वकील "सेटलमेंट" म्हणाले की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं. बँकेकडे तोच शब्द उलटा. थकलेल्या कर्जात "थोडं कमी भरा, मिटवून टाकू" म्हणतात आणि रिपोर्टवर "सेटल्ड" अशी नोंद होते. म्हणजे यानं पूर्ण फेडलं नाही. पुढचा कर्ज देणारा ती ओळ पहिली बघतो. तुमच्या दोघांच्या नावावरच्या वैयक्तिक कर्जाचं जे उरलंय ते पूर्ण फेडा, "क्लोज्ड" अशी नोंद होऊ दे आणि येणं बाकी नसल्याचा दाखला दोघांनी आपापल्याकडे ठेवा. नोंद सुधारायला थोडे दिवस जातात, तोवर अर्ज टाकू नकोस. आणि अडलं म्हणून चार बँकांत एकदम तर नाहीच, प्रत्येक विचारणा रिपोर्टवर उमटते.

पोटगीची रक्कम अर्जात लपवू नकोस. खात्यातून दरमहा जाते, दिसतेच.

रविवारी येशील तेव्हा तुझ्या क्रेडिट रिपोर्टची प्रिंट घेऊन ये. मोठ्या अक्षरात काढ, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. एकेक ओळ बोट ठेवून बघू. बाबांच्या गाडीचा दाखला अजून माझ्या निळ्या फाईलमध्ये आहे, तोही दाखवते.

तुझी,
आई