मिडफिल्डर घडवायचा तर

संपादक महोदय,

सांगलीच्या शालेय फुटबॉलमध्ये धिप्पाड मुलगा बचावात, वेगवान मुलगा पुढे आणि उरलेला मध्यभागी, असा संघ लावला जातो. मग गोलकीपर चेंडू लांब उडवतो आणि मिडफिल्डर सामनाभर मान वर करून बघत राहतो. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच याची उंची १७२ सेंटिमीटर. दिनामो झाग्रेब या त्याच्या क्रोएशियन क्लबने त्याला ऐन अठराव्या वर्षी बोस्नियातल्या क्लबकडे उसना पाठवला. २०१२ मध्ये तो रेआल माद्रिदमध्ये गेला आणि २०१८ मध्ये सर्वोत्तम फुटबॉलपटूचा 'बॅलन डी'ओर' पुरस्कार जिंकला. ताकदीपेक्षा त्याची नजर मोलाची ठरली.

ती नजर सरावाने येते. १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. चौघे कडेला, दोघे आत चेंडू हिसकावायला, दोन स्पर्शांत पास. चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचेच, आणि अंग अर्धे वळवून तो चेंडूपासून लांबच्या पायावर घ्यायचा. आपली मुले चेंडूकडे सरळ तोंड करून तो तळव्याखाली थांबवतात, तेवढ्यात मागून प्रतिस्पर्धी अंगावर येतो. कमजोर पायाचा सराव वेगळा हवा.

मुरमाच्या कडक मैदानावर लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट नकोत, घोट्यावर ताण येतो. आखूड, दाट स्टडचे घ्यावेत.

बारा वर्षांखालील सामने छोट्या मैदानावर सात-सात जणांचे खेळवावेत, ही संयोजकांना कळकळीची विनंती. मोठ्या मैदानात त्या वयाच्या मुलाच्या पायाला चेंडू फार कमी वेळा लागतो.

– एक फुटबॉल प्रशिक्षक, विश्रामबाग, सांगली