फुकट द्या, पण मोजून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीज क्षेत्रातील सुधारणांवर आपल्या दैनिकात गेले काही आठवडे लेख येत आहेत. राज्य वीज मंडळाचे विभाजन, खासगीकरण, स्मार्ट मीटर, मोफत वीज असे सगळे विषय येऊन गेले. मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी आहे. ऊस आणि कांदा करतो, विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे. एक गोष्ट या चर्चेत कोणी धसास लावलेली दिसली नाही, म्हणून लिहितो आहे. राज्यात चाळीस लाखांहून अधिक शेतीपंप आहेत आणि त्यांना वर्षाला नेमकी किती वीज लागते, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जे सांगितले जाते तो अंदाज असतो. त्या अंदाजावर अनुदान ठरते, इतर ग्राहकांचे दर ठरतात आणि गावाच्या चावडीपासून विधानसभेपर्यंत शेतकऱ्याला बोल लावले जातात.

वीज आली तेव्हा ती मोजूनच दिली जात होती. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरचा पाऊस वळवण, लोणावळा आणि शिरवटा तलावांत अडवायचा, नळांतून खाली खोपोलीला सोडायचा आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. गिरणीमालकाला कोळशाचा खर्च पैशापर्यंत ठाऊक होता. युनिटमागे काय पडते हे कळल्याशिवाय तो वाफेचे इंजिन बंद करणार नव्हता. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झाले. भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशी धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा विजेशी पहिला संबंध आला तो असा. त्याच्या शेतावरून तारा गेल्या, पण दिवा लागला मुंबईत.

वीज ही गरिबाचीही गरज आहे, हे सरकारदरबारी ठामपणे मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. शेतीवर पडलेला माणसांचा बोजा उद्योगांशिवाय हलका होणार नाही आणि उद्योगांना स्वस्त व मुबलक वीज हवी, असे ते १९४३ साली सांगत होते. ही वीज नुसत्या नफ्याच्या हिशेबाने मिळणार नाही, त्यासाठी सरकारने पुढे यायला हवे, हाही त्यांचा आग्रह. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला आणि त्यातून राज्याराज्यांत वीज मंडळे उभी राहिली. आपले मंडळ १९६० चे. १९४७ साली साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता होती १३६२ मेगावॉट. आज एकट्या कोयना प्रकल्पाची १९६० मेगावॉट आहे. मंडळांना नावे ठेवण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा. डोंगरातून खांब ओढत नेणारी माणसे त्याच मंडळांची होती.

साठच्या दशकात विहिरींवर मोटरी बसू लागल्या. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाले, पाठोपाठ ७२ चा दुष्काळ आला. मोटर ही चैन नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकले. याच सुमारास, सत्तरच्या दशकात, एक निर्णय झाला. शेतीपंपाचे मीटर वाचण्यापेक्षा मोटरच्या हॉर्सपॉवरवर ठोक बिल लावायचे. त्यामागे वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. मळ्यामळ्यांत विखुरलेल्या विहिरींवर माणूस पाठवायचा, तिथे रीडिंग घ्यायचे आणि हातात यायचे किरकोळ बिल. वसुलीपेक्षा वसुलीचा खर्च जड जात होता. शेतकऱ्यालाही मीटर वाचायला येणाऱ्याची मिनतवारी नको होती. दोघांचीही सोय झाली आणि मोजणे सुटले ते सुटलेच.

हिशेब घालून दाखवतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पाचची मोटर पूर्ण भारावर तासभर चालली की जवळपास पावणेचार युनिट जातात. वर्षात ती हजार तास चालली असे धरले तर ३७०० युनिट होतात. दोन हजार तास धरले तर साडेसात हजार. माझी मोटर किती तास चालली, हे मीटरशिवाय कोण सांगणार? पावसाळ्यात ती बंद असते. विहिरीने तळ गाठला की लाइट असूनही बंद असते. पण कागदावर तास वाढवले की माझ्या नावावर साडेतीन-चार हजार युनिट आपोआप चढतात. शहरात आकडा टाकून चोरलेली वीज आणि जुनाट तारांत जिरलेली वीज त्यात सहज लपून जाते.

हा माझा नुसता संशय नाही. आधीची कित्येक वर्षे राज्यातली वीजगळती पंधरा-सतरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जात होती. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि २००० साली त्याचा वीजदराचा पहिला निर्णय आला. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी त्या सुनावणीत आकडे उकरून काढले, शेतीपंपांच्या वापराची छाननी झाली आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. म्हणजे तोवर शेतकऱ्याने वापरली असे सांगितलेली बरीच वीज शेतापर्यंत पोचलीच नव्हती. माझ्या मते आपल्या वीज सुधारणांतला सर्वांत मोलाचा दिवस तो होता. कुठल्या कंपनीचे तुकडे न करता, एक खांबही न रोवता, फक्त खरा आकडा लोकांपुढे आला. पुढच्या निर्णयांतही आयोगाने वीज वितरण कंपनीने दाखवलेला शेतीचा वापर कापून तेवढी गळती वाढवून धरलेली आहे. म्हणजे दुखणे अजून तेच आहे.

दरम्यान सरकारे मोठमोठ्या गोष्टींत गुंतली होती. १९९१ नंतर निर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली आणि दाभोळला एन्रॉन आली. १९९९ मध्ये तिथला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. वीज न परवडणारी होती, करार डॉलरशी बांधलेला होता. त्यावर इतके लिहून झाले आहे की मी भर घालत नाही. मात्र ज्या मंडळाला स्वतःची वीज कुठे जाते हे माहीत नव्हते, ते एवढी महाग वीज घेऊन वसुली कोणाकडून करणार होते, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही.

२००३ चा वीज कायदा आला. त्याचे कलम ५५ मी मुद्दाम वाचले आहे. दोन वर्षांनंतर योग्य मीटरशिवाय कोणालाही वीज देऊ नये, असे ते सांगते. आयोगाला मुदत वाढवून देण्याचा अधिकार त्यातच आहे. ती दोन वर्षे २००५ च्या जूनमध्ये संपली. त्याच महिन्यात मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलले. शेतीपंपांचे मीटर मात्र लाखोंच्या संख्येने राहून गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर शेतीला मोफत वीज जाहीर झाली होती. वर्षभरात तीही मागे घेतली गेली आणि आमच्या हाती राहिले ते भारनियमन.

ते दिवस ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. मोटरीला लागणारी थ्री फेज लाइट रात्री यायची. बॅटरी आणि काठी घेऊन उसात पाणी धरायला जायचे आणि आमच्या भागात उसात बिबट्या असतो. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या, वेगळे झाल्यावर घरात निदान दिवा राहू लागला. मुलांना अभ्यासाला उजेड मिळाला. हा बदल वर्तमानपत्रांत फारसा गाजला नाही, पण खेड्यातल्या माणसाला विचाराल तर तो विभाजनाच्या आधी याचे नाव घेईल. कारण फीडर वेगळा केला की त्यावर किती वीज गेली, हे निदान उपकेंद्रात तरी कळते.

मोजले की सुधारते, याचा दाखला देशाच्या ग्रिडमध्येच, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या वीजजाळ्यातच आहे. पूर्वी कोणतेही राज्य आपल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ओढायचे आणि ५० हर्ट्झवर राहायला हवी ती विजेची वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तने) ४९ च्या खाली, कधी ४८ पर्यंत उतरायची. २००२ च्या जुलैपासून आपल्या पश्चिम विभागात नवी पद्धत आली. राज्यांच्या सीमेवरच्या मीटरवर दर पंधरा मिनिटांची नोंद घ्यायची आणि वारंवारता घसरलेली असताना जो ठरल्यापेक्षा जास्त ओढेल त्याला महाग दराने पैसे भरायला लावायचे. वारंवारता सावरली. जुलै २०१२ मध्ये उत्तर भारतात ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली, दुसऱ्या दिवशी साठ कोटींच्या वर लोक अंधारात होते. म्हणजे नुसत्या दंडाने सगळे भागत नाही, हेही दिसले. तरीही त्यानंतर वर्षा-दीड वर्षात, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडून दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एक झाली. काश्मीर ते कन्याकुमारी एका तालावर चालणारी एवढी मोठी यंत्रणा आपण उभी केली. दोन राज्यांमधली वीज दर पंधरा मिनिटांनी मोजणाऱ्या देशाला गावातल्या एका डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरवरची) वीज महिन्यातून एकदा मोजता येऊ नये, हे मला पटत नाही.

आता २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली आहे. मी त्याचा लाभ घेतो आणि त्याची लाज मला वाटत नाही. कांद्याचा भाव पडला की उत्पादनखर्चही निघत नाही, तिथे हा आधार मोठा आहे. शेतीच्या फीडरला सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे ज्या गावांत दिवसा आठ तास लाइट मिळू लागली, तिथल्या बायाबापड्यांचा जीव रात्री टांगणीला लागत नाही. हे काम चांगले आहे, ते लवकर आमच्याकडेही यावे. त्या सौर प्रकल्पात तयार होणारे प्रत्येक युनिट मोजले जाते, कारण उभारणाऱ्याला युनिटप्रमाणे पैसे मिळतात. तीच वीज फीडरवरून माझ्या विहिरीपर्यंत आली की पुन्हा अंदाज सुरू होतो.

मीटर म्हटले की शेतकरी बिथरतो, हे मला माहीत आहे. आज मीटर लावाल, उद्या बिल पाठवाल, ही भीती आहे. न चालवलेल्या मोटरची थकबाकी आयुष्यभर सांभाळलेल्या माणसाला ती वाटणारच. माझ्या स्वतःच्या बिलावर वर्षानुवर्षे रीडिंगच्या रकान्यात तोच आकडा छापून येत होता आणि युनिट मात्र दर वेळी वेगळे. म्हणून माझे म्हणणे आहे की विहिरीवर नको, आधी डीपीवर मीटर लावा. एका डीपीवर दहा-पंधरा मोटरी असतात. एकूण किती वीज गेली ते तिथे कळेल आणि कोणा एकावर बोट येणार नाही. तो आकडा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. सरकारने कंपनीला द्यायचे अनुदान हॉर्सपॉवरवर न देता या आकड्यावर द्या. अनुदान आगाऊ द्यावे असे कायद्याचे कलम ६५ सांगतेच. ते खऱ्या युनिटांवर दिले तर गळती कंपनीच्या पदरात राहील आणि ती कमी करण्याची घाई कंपनीलाच लागेल.

आमचीही चूक आहे, ती लपवणार नाही. जवळपास प्रत्येक स्टार्टरला आम्ही ऑटो लावलेला असतो. लाइट आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, डीपीवर एकदम भार येतो आणि ती जळते. मग आठ-आठ दिवस पीक वाळते आणि वर्गणी काढून धावाधाव करावी लागते. व्होल्टेज सावरणारे कपॅसिटर काढून टाकलेले असतात ते वेगळेच.

आमच्या डीपीवर चौदा मोटरी आहेत. गेल्या उन्हाळ्यात डीपी दुसऱ्यांदा जळाली तेव्हा आम्ही पारावर बसून ठरवले की ऑटो काढायचे, पाळ्या लावायच्या आणि ज्याची मोटर जितके तास चालली ते रोज वहीत लिहायचे. नऊ जण नेमाने लिहितात, उरलेल्यांच्या मागे लागावे लागते. वही माझ्या घरी आहे. आयोगाची पुढची जनसुनावणी होईल तेव्हा ती घेऊन मी जाणार आहे. त्याआधी कोणा अधिकाऱ्याला किंवा आपल्या प्रतिनिधीला पाहायची असेल तर अवश्य यावे, विहिरीवर नेऊन दाखवीन.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. जुन्नर, जि. पुणे