कोंडाणा उंदराचा शोध घ्यावा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
(मुक्काम : हिवाळी अधिवेशन, नागपूर)

महोदय,

अधिवेशनासाठी आपण नागपुरात आहात, वनखात्याचे मुख्यालय आणि राज्य जैवविविधता मंडळही याच शहरात आहे, म्हणून पुण्याजवळच्या एका उंदराची बाजू मी इथून मांडत आहे.

१९७५ मध्ये सिंहगडाच्या माथ्यावरील मऊ केसांच्या एका उंदराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याला ‘कोंडाणा’ हे नाव मिळाले. पुढे कित्येक वर्षे, जेमतेम चौरस किलोमीटरभराचे ते पठार एवढाच त्याचा ठाऊक असलेला पत्ता होता. तो बिळात राहतो, रात्री बाहेर पडतो. चराई, झाडोऱ्याचा ऱ्हास आणि पर्यटकांची वर्दळ हे त्याच्यापुढचे धोके आहेत. इतक्या लहान जागेतली जात नाहीशी झाली तर ते आपल्याला कळणारही नाही, याची मला मनापासून भीती वाटते. कायद्यानेही त्याला उपद्रवीच मानले होते : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उंदरांचा सरसकट समावेश होता आणि ती अनुसूची १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाली.

वाघांसाठी लावलेले कॅमेरा ट्रॅप या कामी पुरत नाहीत, कारण छायाचित्रावरून उंदराची जात खात्रीने ठरवता येत नाही; त्यासाठी मोजमापे, दात, कवटी किंवा जनुकीय नमुना लागतो. शेंगदाण्याचे आमिष ठेवलेले लहान पिंजरे संध्याकाळी लावायचे, ऊन चढण्यापूर्वी तपासायचे, नमुना घेऊन प्राणी पकडल्या जागीच सोडायचा, आणि हे पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात असे दोनदा करायचे, इतके चिकाटीचे हे काम आहे.

अशा चिकाटीचे फळ आपल्याच राज्याने पाहिले आहे. १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक पुरावा नव्हता तो रानपिंगळा (एक लहान घुबड) नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, पुन्हा दिसला आणि पुढे आमच्या मेळघाटातही आढळला. या पक्ष्याच्या, संग्रहालयातून चोरलेल्या एका नमुन्यावर खोटे ठिकाण लिहिलेले होते आणि त्यामुळे आधीचे शोध भलतीकडे वळले होते. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासून ती लबाडी उघड केली, तेव्हा खरी वाट सापडली.

म्हणून विनंती अशी की सिंहगडासह राजगड, तोरणा, पुरंदर आणि मेळघाटातील गाविलगडाच्या पठारांवर लहान सस्तन प्राण्यांची वर्षभराची पाहणी मंजूर करावी. कोंडाणा उंदीर मेळघाटात सापडेल असा माझा दावा नाही. पण तिथल्या उंच पठारांवर काय आहे हेही त्याच पद्धतीने तपासले जावे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. त्यांच्याकडून वनरक्षकांना प्रशिक्षण द्यावे आणि जिथे प्राणी सापडला नाही त्या जागांची नोंदही जाहीर करावी. सिंहगडावर तो आढळल्यास, जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ खाली त्या पठाराचा काही भाग वारसा स्थळ म्हणून घोषित करण्याचा प्रस्ताव स्थानिक संस्थांसमोर ठेवावा.

आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, नागपूर