ज्येष्ठ मधुमेहींना सरसकट एकच लक्ष्य नको

संपादक महोदय,

रक्तातील साखर सतत चढी राहिली की पेशींच्या ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रिया) ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढतात आणि डीएनएमधील ग्वानिन या घटकाला इजा करतात. या इजेची खूण असलेले ‘८-ओएचडीजी’ हे द्रव्य लघवीतही मोजता येते. उतारवयात मुळातच दुरुस्तीचा वेग मंदावलेला असल्याने साखर आटोक्यात हवी, हे मान्यच. मात्र, म्हणून प्रत्येक वृद्धाची ‘एचबीए१सी’ (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी टक्केवारी) खेचून ६ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा अट्टहास घातक ठरतो. अमेरिका व कॅनडातील ‘अ‍ॅकॉर्ड’ या मधुमेहींवरील चाचणीत ६ टक्क्यांखालचे लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाल्याने २००८ मध्ये ते कठोर उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले.

माझ्या ७८ वर्षांच्या मधुमेही आईचा ‘एचबीए१सी’ अहवाल ६.१ आला, तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच बाकी होते. आठवड्याभरात पहाटे ती घामाने चिंब, जीभ जड, मला ओळखेना; ग्लुकोमीटरवर आकडा ४८, म्हणजे साखर फारच खाली गेलेली! साखरेचे पाणी दिल्यावर ती सावरली. डॉक्टरांनी सल्फोनिलयुरियाची (साखर उतरवणारी, पण कधी ती फार खाली नेणारी) गोळी बंद केली आणि ८ च्या आतले लक्ष्य ठरवून दिले.

दुसरीकडे, ‘डीएनए वाचवणाऱ्या’ अँटिऑक्सिडंट (त्या अतिक्रियाशील रेणूंना निष्प्रभ करणाऱ्या) गोळ्या जोरात खपतात. वास्तविक ‘होप’ चाचणीत ‘ई’ या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वाने हृदयविकार टळला नाही, हे २००० सालीच प्रसिद्ध झाले आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत या जाहिरातींशेजारी हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा