विकत घेतलेली गाणी आईच्या रेडिओवर वाजवायची, तर नोंदवही ठेवायची का साहेब?

मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार

साहेब, नमस्कार. कॉपीराइट तुमच्या मंत्रालयाकडे येतं हे मला आत्ता कळलं. मी समजत होतो सांस्कृतिक खात्याकडे असेल, पण २०१६ पासून ते तुमच्याकडेच आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन दुकानातून कार्डाने पैसे भरून साठ-सत्तर गाणी विकत घेतली, नाट्यगीतं, भावगीतं, थोडे अभंग. ऑफिसातले मित्र हसले, म्हणाले स्टेशनबाहेर मोबाइलवाला शंभर रुपयात अख्खं मेमरी कार्ड भरून देतो, तू कशाला राजा हरिश्चंद्र होतोयस. झालो बाबा. पुढे ते दुकान बंद पडलं, माझा कॉम्प्युटर गेला, फाइली हार्ड डिस्कवर आहेत, नावं पण दिसतात, पण डबल क्लिक केलं की लायसन्स मागतात आणि लायसन्स देणारा सर्व्हरच आता नाही. मित्राचं मेमरी कार्ड मात्र अजून खणखणीत वाजतंय.

आता आईकडे तो पेनड्राइव्ह लागणारा छोटा रेडिओ आहे, ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी असतो, बटणावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिलाय म्हणजे तिला चष्मा न लावता सापडतं. तिला फक्त तीच गाणी हवीत. लोक म्हणतात अॅप घे. घेतलंय की, दर महिन्याला पैसे जातात, पण त्यातलं डाउनलोड त्या अॅपच्या बाहेर येत नाही, ओट्यावरच्या रेडिओत तर नाहीच नाही.

मग मी कायदा वाचायला घेतला (वकील नाही, नुसता चिडलेला माणूस आहे). १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ म्हणतं की खासगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त वापर चालतो. छान वाटलं. पण २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५अ आलं, कॉपीराइटचे हक्क मोडायच्या इराद्याने डिजिटल कुलूप (माझ्या फाइली लायसन्स मागतात ना, तेच) तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. माझा इरादा तसा नाही, म्हणजे मी बहुतेक गुन्हेगार नाही. पण हे 'बहुतेक' कोण ठरवणार? आणि खरी गंमत पुढेच आहे, मला ते कुलूप तोडता येत नाही, भाच्याला येतं, तर त्याच कलमाप्रमाणे मदत करणाऱ्याने म्हणे ज्याला मदत केली त्याचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कशासाठी मदत केली ते लिहून ठेवायचं! सख्ख्या मामाची नोंद!

वरातीत गाणी वाजवायची असतील तर त्याच कायद्यात चक्क लिहून ठेवलंय की लग्नातल्या समारंभाला सूट आहे. म्हणजे रस्त्यावर अख्ख्या गल्लीला ऐकवलं तर कायदा स्पष्ट बोलतो, आणि घरात एकट्या आईला ऐकवायचं म्हटलं की 'बहुतेक'.

गाणी फुकट द्या असं मी म्हणत नाहीये, गायक-वादक, कवी, संगीतकार सगळ्यांना पैसे मिळालेच पाहिजेत, मी दिलेत, पावतीचा ईमेल अजून आहे. माझं मागणं एवढंच की 'वैयक्तिक वापर' म्हणजे काय ते वरातीसारखं सरळ लिहून टाका, विकत घेतलेल्या गाण्याची कॉपी माणसाने स्वतःच्या दुसऱ्या डब्यात टाकली, त्यासाठी कुलूप तोडलं किंवा कुणाकडून तोडून घेतलं, तर तो गुन्हा नाही, आणि ती नोंदवही घरगुती कामाला नको. आणि जो 'विकत घ्या' असं बटण लावतो त्याने दुकान बंद करताना एकतर कुलूप काढून द्यावं नाहीतर पैसे परत करावेत. भाड्याने देत असेल तर बटणावर भाडं लिहावं ना!

तोवर भाचा विचारतोय, मामा, वही शंभर पानी आणू का दोनशे पानी?

आपला,
पावती जपून ठेवलेला एक ग्राहक