बारशाआधी आत्याचं पत्र

केंदारी, आग्नेय सुलावेसी, इंडोनेशिया

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. आई-बाबांना साष्टांग दंडवत.

बाळाच्या कानात कुर्रर्र करायला मी वेळेवर पोचते, त्याची काळजी नको. पण तुम्ही पाठवलेली नावांची यादी वाचली आणि लिहिल्यावाचून राहवेना. सगळी दोन अक्षरी, कानाला गोड. पण उद्या पोरानं विचारलं, "माझं हेच नाव का?" तर काय सांगणार?

इथले तोलाकी लोक वीरांच्या लांबलचक कथा गाऊन सांगतात, त्यांना ताएनांगो म्हणतात. जुन्या गोष्टींतल्या माणसाचं नाव काढलं की त्याची हकीकत आपसूक मागून येते. कोनावेची राणी वेकोइला आणि तिचा भाऊ लारुंबालांगी ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. या भावानं कोंगा नावाचा राक्षसी पक्षी मारला, म्हणून पलीकडचा कोलाकाचा मुलूख मेकोंगा झाला, असं इथली म्हातारी माणसं सांगतात.

मला सगळ्यांत आवडतो तो हालुओलेओ. हालुओलेओ म्हणजे आठ दिवस. कोनावे आणि मेकोंगा यांच्यातली लढाई त्यानं आठ दिवसांत मिटवली, म्हणून हे नाव पडलं अशी कथा आहे. त्याचं आधीचं नाव लाकिलापोंतो. मुना बेटाच्या राजाचा तो मुलगा. पुढे 1541 च्या सुमारास तो मुसलमान झाला, बुतोन बेटाचा पहिला सुलतान झाला, आणि तिथं त्याला मुरहूम म्हणतात. एकच माणूस, पण प्रत्येक मुलखानं आपल्या नात्यानं त्याला हाक मारली आणि ती टिकली. केंदारीचं विद्यापीठ आणि विमानतळ हालुओलेओच्या नावाचे, बुतोनवरच्या बाऊबाऊ शहराचं बंदर मुरहूमच्या. कोलाकाच्या विमानतळाला मेकोंगाच्या एका राजाचं नाव आहे, सांगिया निबांदेरा. त्याची शवपेटी निशाणानं झाकली होती, म्हणून हे नाव, म्हणजे ते मेल्यानंतर मिळालेलं!

आता इथल्या मुलांची नावं बहुतेक अरबी वळणाची असतात. 2022 मध्ये सरकारनं नियमही काढला की नाव किमान दोन शब्दांचं हवं आणि 60 अक्षरांच्या आत बसायला हवं. तरी पोरं हालुओलेओच्या विद्यापीठात शिकतात, त्यामुळे त्याची गोष्ट विसरली जात नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणून माझा हट्ट ऐका. मुलगी झाली तर आजीचं नाव ठेवूया, सगुणा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जाऊन तिनं बाबांना आणि काकांना जगवलं. आपल्या घरात याहून मोठा पराक्रम कोणी केलेला नाही, आणि तिच्यामागे तिचं नाव कुणालाच दिलेलं नाही. वहिनी, जुनाट वाटेल हे मला कळतं. मग शाळेत तुमच्या पसंतीचं घाला, पाळण्यातलं मात्र सगुणा राहू द्या. मुलगा झाला तर आजोबांची काय हकीकत आहे ते आईला नीट विचारून घ्या. मला एवढंच ठाऊक आहे की ते वारीला पायी जायचे.

डॉक्टरांनी दिलेली तारीख लगेच कळवा, म्हणजे तिकीट काढते. जकार्ताला विमान बदलावं लागतं आणि आयत्या वेळी भाव फार चढतात. वहिनी, दुपारची झोप चुकवू नका.

तुमची,
धाकटी